पहिली धार आणि परतीची धार



गळीत हंगामात कारखाना पाहायला आलेली मंडळी आसवनीकडे वळली, की एक प्रश्न हमखास निघतो. उंच कॉलमच्या माथ्यावरून निघालेली वाफ थंड होऊन पाण्यासारखा स्वच्छ स्पिरिट तयार होतो, आणि त्यातला मोठा हिस्सा दुसऱ्या नळीने पुन्हा त्याच कॉलममध्ये सोडलेला दिसतो. मग कोणीतरी बोलतोच, "अहो, तयार झालेला माल परत खाली कशाला ओतता? मग मोजमाप कुठं होतं याचं?"

शंका रास्त आहे. मळी सभासदांच्या उसाची आहे, तेव्हा तिच्यापासून निघणाऱ्या प्रत्येक लिटरचा हिशेब विचारण्याचा हक्क सभासदांना आहेच. पण या परतीच्या धारेत लबाडी नाही. उलट ती नसेल तर आसवनी आणि गावाबाहेरची हातभट्टी यांत फारसा फरक उरणार नाही. तो कसा, ते या लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करतो.

आधी मळीचा हिशेब. एक टन ऊस गाळला की साखर काढून घेतल्यावर शेवटी साधारण 40 ते 45 किलो मळी उरते. या शेवटच्या मळीपासून टनाला 220 ते 225 लिटर अल्कोहोल मिळावे अशी अपेक्षा असते. एकरी 40 टन उतारा धरला तर एका एकराच्या उसामागे साडेतीनशे ते चारशे लिटर झाले. साखर थोडी कमी काढून मळी गोड ठेवली, म्हणजे ज्याला आपण 'बी हेवी' म्हणतो ती घेतली, तर टनाला 300 लिटरच्या पुढे जाता येते. 2018 पासून अशा मळीच्या आणि थेट उसाच्या रसाच्या इथेनॉलला सरकारने वेगळे दर दिले, तेव्हापासून या हिशेबाला महत्त्व आले. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने त्यावर निर्बंध घातले आणि पुढच्या वर्षी ते उठवले, तेव्हा साऱ्या कारखान्यांची कशी तारांबळ उडाली ते आपण पाहिलेच आहे.

मळीत पाणी घालून ती पातळ करतात, यीस्ट सोडतात, आणि टाक्यांत ती आंबते. यीस्ट साखर खाते. अल्कोहोल आणि कर्बवायू बाहेर टाकते. दीड दिवसाच्या आत फसफसणे शांत होते. या आंबलेल्या द्रवाला वॉश म्हणतात. त्यात अल्कोहोल असते जेमतेम आठ-दहा टक्के. बाकी पाणी, क्षार आणि मळीचा गाळ. अल्कोहोल बनवण्याचे काम इथेच संपते. यापुढे कॉलममध्ये एक थेंबही नवा तयार होत नाही, जे आहे ते फक्त वेगळे करायचे असते. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम सांगितली.

वेगळे करण्याची युक्ती जुनी आहे. शुद्ध अल्कोहोल 78.4 अंशाला उकळते, पाणी 100 अंशाला. दोन्ही मिसळलेले उकळले, तर निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण खालच्या द्रवापेक्षा जास्त असते. आठ टक्क्यांचा वॉश उकळू लागला की पहिली वाफ 45 टक्क्यांच्या आसपास निघते. "पहिल्या धारेची" असा जो शब्द आपल्याकडे रुळला आहे, त्याचे मूळ शास्त्र हेच. जसजसे उकळत जाईल तसतसे भांड्यातले अल्कोहोल कमी होते, धार मवाळ पडते, आणि शेवटी नुसते पाणीच येऊ लागते. सगळी धार एकत्र केली तर पहिल्या धारेचा कस राहत नाही.

मग कस वाढवायचा कसा? सरळ उपाय म्हणजे निघालेले पुन्हा उकळायचे. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाचे असेच करतात. पहिल्या उकळीचा तो उर्राक, सौम्य; उर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. 2009 साली काजूफेणीला भौगोलिक उपदर्शन मिळाले, ती कृती अशी दोन उकळ्यांची आहे. फेणीत काजूचा वास हवा असतो, म्हणून तिथे दोनवर थांबणेच शहाणपणाचे.

आपल्याला मात्र वास नको, शुद्ध अल्कोहोल हवे. कागदावर हिशेब मांडला तर 45 टक्क्यांचा द्रव उकळून त्याची पहिली वाफ 78 च्या आसपास, ती थंड करून पुन्हा उकळली तर 86, मग 90. त्यापुढे एकेक टक्का वाढवायला पायऱ्यांवर पायऱ्या चढाव्या लागतात. दर वेळी भट्टी पेटवायची, थंड करायचे, पुन्हा भरायचे, असे करत बसलो तर जळणातच कारखाना बुडेल.

कॉलम म्हणजे या सगळ्या भट्ट्या एकावर एक रचून एकाच जाळावर चालवण्याची सोय. आत थोड्याथोड्या अंतरावर आडव्या प्लेटा असतात, त्यांना भोके किंवा टोप्या असतात. प्रत्येक प्लेटीवर द्रवाचा पातळ थर उभा असतो. खालून आलेली वाफ त्या थरातून बुडबुडे काढत वर जाते. जाताना तिच्यातले पाणी थंड होऊन थरात उतरते. पाणी थंड होताना जी उष्णता सोडते तिच्यावर थरातले अल्कोहोल उकळून वाफेबरोबर निघते. घाटातल्या एसटीसारखे समजा. वर जाणारी गाडी आणि खाली येणारी गाडी प्रत्येक थांब्यावर भेटतात. पाण्याचे प्रवासी खालच्या गाडीत बसतात, अल्कोहोलचे वरच्या. असे पन्नासेक थांबे झाले की माथ्यावर पोचणाऱ्या गाडीत पाण्याचा प्रवासी जवळपास राहत नाही.

आता खरा मुद्दा. खाली येणारी गाडी कुठून आणायची? प्लेटीवर द्रवच नसेल तर वाफ कोणाशी देवघेव करणार? कोरड्या भोकांतून ती सरळ वर निघून जाईल आणि एवढा उंच कॉलम नुसता धुराडा ठरेल. म्हणून माथ्यावर थंड झालेल्या स्पिरिटचा मोठा भाग वरच्या प्लेटीवर परत सोडतात. हाच रिफ्लक्स, आमच्या भाषेत परतीची धार. तो प्लेटीप्लेटीवरून उतरत येतो, वाटेत पाणी घेतो, अल्कोहोल देतो. परत सोडलेले स्पिरिट नाहीसे होत नाही. ते पुन्हा वाफ होऊन वर येते आणि अखेरीस मापाच्या टाकीतच जाते. एक लिटर बाहेर काढताना तीन लिटर परत सोडले, तर रिफ्लक्स तीनास एक झाला. कॉलम सुरू करताना काही वेळ सगळेच परत सोडतात, बाहेर थेंबही काढत नाहीत. वरून खालपर्यंत तापमान बसले की मगच माल घ्यायचा.

मग सगळाच काळ भरपूर परत का सोडत नाही? कारण परतलेला प्रत्येक लिटर पुन्हा उकळावा लागतो, आणि उकळायला वाफ लागते, वाफेला बगॅस. रिफ्लक्स जास्त ठेवला तर माल शुद्ध पण वाफेचा खर्च वाढता; कमी ठेवला तर वाफ वाचते पण माथ्याचे तापमान चढते आणि मालात पाणी येते. पाळीवरचा ऑपरेटर रात्रभर या दोहोंमध्ये तोल सांभाळत असतो. तापमापकावरच्या अर्ध्या अंशावर त्याची नजर असते, आणि आमच्या मते कारखान्यातल्या जोखमीच्या कामांत हे काम वरच्या नंबरात बसते, पगारपत्रकात ते तसे दिसत नसले तरी. नव्या पद्धतीत एका कॉलमच्या माथ्यावरच्या वाफेने दुसरा, निर्वातात चालणारा कॉलम उकळतात, त्यामुळे वाफेत पुष्कळ बचत होते.

या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. वॉशमध्ये अल्कोहोलबरोबर इतरही भावंडे असतात. ॲसिटाल्डिहाइडसारखी हलकी द्रव्ये माथ्यावर जमतात, ती वेगळी काढता येतात. फ्यूजल तेलाची गंमत वेगळीच. त्यातले मुख्य द्रव्य 130 अंशाच्या आसपास उकळते, म्हणजे ते तळाशी राहायला हवे. पण पाण्याशी त्याचे पटत नाही. खाली पाणी जास्त असल्याने ते वर पळते, वर अल्कोहोल जास्त असल्याने तिथून खाली ढकलले जाते, आणि मधल्याच काही प्लेटांवर अडकून बसते. तिथेच बाजूला तोटी ठेवून ते काढून घेतात. साध्या भट्टीत हा निचरा होत नाही, सगळे एकाच बाटलीत येते.

सतत चालणारा असा कॉलम 1830 साली पेटंट करून प्रसिद्धीला आणला तो इनीयस कॉफी या आयर्लंडमधल्या गृहस्थाने. तो आधी अबकारी खात्यात निरीक्षक होता, बेकायदा भट्ट्या शोधण्यात त्याची हयात गेली होती. चोर पकडता पकडता धंदा शिकला म्हणा!

कॉलम कितीही उंच केला, रिफ्लक्स कितीही दिला, तरी सुमारे 97 टक्क्यांवर गाडी अडते. तिथे द्रवात जेवढे अल्कोहोल तेवढेच वाफेत, म्हणून उकळून काही उपयोग नाही. पेट्रोलमध्ये घालायला तर साडेनव्याण्णवच्या वर लागते. त्यासाठी स्पिरिटची वाफ झिओलाइटच्या गोळ्यांतून सोडतात. गोळ्यांची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. जून 2022 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये दहा टक्के मिश्रण गाठले आणि 2025 मध्ये वीस, ते याच गोळ्यांच्या जिवावर.

शिकलेल्या तरुण मुलांकडून आणखी एक प्रश्न येतो. "एवढं सोपं असेल तर चार-पाच फुटी नळीत तांब्याची जाळी भरून घरीच नाही का करता येणार?" शास्त्राच्या दृष्टीने येते. जाळीवर द्रवाचा पातळ थर बसतो आणि ती प्लेटांचे काम करते. तांबे गंधकाची दुर्गंधीही शोषते, म्हणून तर जुन्या आसवन्यांचे कॉलम तांब्याचे असत. न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरते गाळायला कायद्याने मुभा आहे आणि तिथे हौशी लोक असे छोटे कॉलम वापरतात. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय गाळणे गुन्हा आहे, आणि मळी बाळगण्यावर व नेण्यावरही निर्बंध आहेत. शिवाय स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड असते; ती जमिनीलगत पसरते आणि हवेत साडेतीन टक्के झाली तरी ठिणगीने पेटते. आसवनीत विडी-काडी दारातच काढून घेतात ते उगाच नव्हे. घरात चूल शेजारी, वर नळी गाळाने तुंबलेली, म्हणजे काय होईल ते सांगायला नको.

विषारी दारूबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. "पहिली धार टाकून दिली की विष जातं" असे लोक म्हणतात. विष म्हणजे मिथेनॉल. ते 64.7 अंशाला उकळते हे खरे, पण पाण्याने भरलेल्या साध्या भट्टीत ते पहिल्या धारेपुरते राहत नाही, शेवटपर्यंत थोडेथोडे येत राहते. आणि मुळात मळीच्या वा गुळाच्या वॉशमध्ये ते नगण्यच असते. डिसेंबर 2004 मध्ये विक्रोळीला 87 माणसे गेली, जून 2015 मध्ये मालवणीला शंभराहून अधिक. अशा दुर्घटनांमध्ये सापडणारे मिथेनॉल भट्टीत तयार झालेले नसते. कारखान्यांत वापरायचे मिथेनॉल स्वस्त पडते म्हणून ते बाहेरून दारूत मिसळलेले असते. दिसायला, वासाला दोन्ही सारखे. पिणाऱ्याला जिभेवर कळत नाही आणि कुठलीही धार टाकून ते जात नाही.

दहा मिलिलिटरनेही दृष्टी जाऊ शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल व्हायला वेळ लागतो, म्हणून माणूस रात्री बरा झोपतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला धूसर दिसू लागते, पोट दुखते, उलट्या होतात, श्वास भरभर चालतो. "उतरली नाही अजून" म्हणून त्याला निजवून ठेवू नये. ज्या रुग्णालयात डायलिसिसची सोय आहे तिथे ताबडतोब न्यावे, काय प्याला ते डॉक्टरांना न लपवता सांगावे, आणि बरोबर प्यालेले इतर कोण होते त्यांनाही बरे वाटत असले तरी घेऊन जावे.