दोराचे टोक आणि त्याची हत्यारे

गाठ मारली की दोराचे बळ घटते, हे शिडांच्या जहाजांवरील खलाशांना अनुभवाने ठाऊक होते. पुढे चाचण्यांनी दाखवून दिले की गाठीच्या प्रकारानुसार हे बळ निम्म्यावरही येऊ शकते, आणि नीट केलेल्या सांध्यात मात्र ते बहुतांशी टिकून राहते. गाठीत दोराला तीव्र वळण पडते व ताण थोड्याच तंतूंवर एकवटतो. उलट सांध्यात, म्हणजे टोकाचे पेड उलगडून ते दोराच्याच अंगात विणण्याच्या कृतीत, भार घर्षणाने हळूहळू एका पेडाकडून दुसऱ्याकडे सरकतो. म्हणून दोराची खरी परीक्षा त्याच्या मध्यात नसून टोकाशी होते, आणि टोकासाठी घडवलेली हत्यारे लहान असली तरी दोराच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान द्यावे लागते.

पेडांमध्ये वाट करून देणारी निमुळती खुंटी म्हणजे फिड. ती कठीण लाकडाची किंवा हाडाची करीत, कारण तागासारखे तंतू लोखंडी टोकाने फाटण्याची भीती असे. पोलादी मार्लिनस्पाइक तारांच्या दोरासाठी आणि आवळलेल्या गाठी सोडवण्यासाठी अधिक योग्य ठरतो. व्हेलच्या हाडापासून खलाशांनीच कोरलेली फिड अमेरिकेतील न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात आहेत. त्याच गावी जन्मलेल्या क्लिफर्ड ॲशली या चित्रकाराने 1944 साली प्रसिद्ध केलेला गाठींचा कोश या विद्येचा आजही सर्वांत भरवशाचा ग्रंथ आहे.

जेथे दोर सतत घासला जाई, तेथे तीन थरांचे संरक्षण देत. आधी पेडांमधील खाचांत बारीक दोरी भरून पृष्ठभाग गोल करायचा, त्यावर डांबर लावलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्या गुंडाळायच्या, आणि शेवटी सुतळीचे घट्ट वेढे द्यायचे. पहिले दोन थर पिळाच्या दिशेने व तिसरा उलट दिशेने, असा नियम होता. हे वेढे नुसत्या हातांनी पुरेसे आवळले जात नाहीत. त्यासाठी डोक्याला खोबण असलेला लाकडी हातोडा दोरावर बसवून, सुतळी त्याच्या दांड्याभोवती फिरवून ताण देत. डांबर येथे दगडी कोळशाचे नसून पाइनचे असे: पाइनची बुंधे-मुळे मातीखाली, अपुऱ्या हवेत मंद जाळून ते काढीत. त्याच्या निर्यातीची मक्तेदारी 1648 साली एका स्वीडिश कंपनीला मिळाल्यामुळे त्याला ‘स्टॉकहोम टार’ हे नाव पडले. दोराचा कच्चा माल, हेम्प, ब्रिटन मुख्यतः रशियाकडून घेई. क्रिमियन युद्धात तो पुरवठा धोक्यात आल्यावर जॉन फोर्ब्स रॉयल यांनी 1855 साली भारतीय तंतुवनस्पतींवर ग्रंथ लिहिला आणि आपल्याकडच्या तागाचीही त्यात दखल घेतली.

आज डायनीमासारख्या कृत्रिम तंतूंनी कामाची रीत बदलली आहे. हा तंतू इतका निसरडा असतो की साधी गाठ त्यात सरकते. म्हणून पोकळ विणीच्या दोराचे टोक पोकळ फिडच्या साहाय्याने दोराच्याच पोटात घुसवतात. ताण आला की वरचे आवरण आतल्या शेपटाला चिमटीत धरते. ही घुसवण दोराच्या व्यासाच्या सुमारे 72 पट ठेवावी, असा सामान्य नियम आहे. म्हणजे 12 मिलिमीटरच्या दोरासाठी जवळजवळ 86 सेंटिमीटर. शेपूट टोकाकडे निमुळते करणे आणि भार नसताना ते निसटू नये म्हणून टाके घालणे, ही दोन्ही कामे घाईत टाळली जातात. ती टाळू नयेत.

नायलॉन व पॉलिएस्टरच्या दोराचे टोक तापवून वितळवण्याची पद्धत सोपी असली तरी तेवढ्यावर विसंबणे योग्य नाही, कारण वितळलेला कडक गोळा तडकतो आणि त्याच्या धारदार कडा हाताला लागतात. मेण लावलेला मजबूत दोरा, त्रिधारी दाभण आणि दाभण रेटताना तळहात वाचवणारा चामडी पट्टा एवढ्या सामग्रीत टोकाची पक्की बांधणी होते. दोरा पेडांमधून आरपार ओवून घेतलेली ही बांधणी दोराच्या व्यासाहून कमी लांबीची नसावी, आणि नवा दोर वापरायला काढण्यापूर्वीच ती करून घ्यावी.