तळाच्या संघाची फेरबांधणी

कॅनडातल्या ज्युनियर आईस हॉकीत कुठलाही संघ फार काळ तसाच राहत नाही. ओन्टारियो हॉकी लीगमध्ये मुलगा साधारण सोळाव्या वर्षी येतो आणि विसाव्या वर्षी बाहेर पडतो. वीस वर्षांचे खेळाडूही प्रत्येक संघाला तीनच ठेवता येतात. त्यामुळे इथल्या व्यवस्थापनाला पैशाइतकाच वयाचाही हिशेब मांडावा लागतो. संघ हरू लागला की पहिली मागणी प्रशिक्षक बदलण्याची होते. पण बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ दोन-तीन वर्षांपूर्वी फसलेल्या खेळाडू-निवडीत असतं, आणि नवा प्रशिक्षक त्याला काही करू शकत नाही.

ही निवड म्हणजे ड्राफ्ट. तळाच्या संघांना त्यात आधी हात घालायला मिळतो, पण निवडायचं असतं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांमधून. अशा मुलाची उंची, ताकद, स्वभाव, सगळंच बदलायचं बाकी असतं. म्हणून पारखी माणसं गावोगावच्या रिंकवर पाठवणं हा पडत्या संघाचा सर्वांत शहाणपणाचा खर्च. पहिल्या फेरीतली नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात. खरा कस लागतो तो पुढच्या फेऱ्यांत.

ओन्टारियोतल्या लंडन शहराच्या ‘लंडन नाइट्स’चं उदाहरण पाहण्यासारखं आहे. १९९५-९६ च्या हंगामात या संघाने ६६ पैकी फक्त ३ सामने जिंकले. पुढे १९९९ मध्ये लीगच्या अंतिम फेरीपर्यंत मजल गेली, पण ती टिकली नाही. २००० साली डेल आणि मार्क हंटर या भावांनी, दोघेही एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगचे माजी खेळाडू, क्लब विकत घेतला. डेलने प्रशिक्षण हाती घेतलं, मार्कने संघबांधणी. २००१ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी कोरी पेरीला घेतलं. २००४-०५ मध्ये, पेरी एकोणीस वर्षांचा असताना, संघाने ६८ पैकी ५९ सामने जिंकले, सलग ३१ सामन्यांत हार पाहिली नाही आणि अंतिम सामन्यात सिडनी क्रॉस्बीच्या रिमूस्की संघाला ४-० ने हरवून मेमोरियल कप हे ज्युनियर हॉकीचं सर्वोच्च विजेतेपद पटकावलं. निवडीपासून कपापर्यंत चार वर्षं गेली, हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

पॅट्रिक केनची गोष्ट आणखी बोलकी. या अमेरिकन मुलाला नाइट्सनी २००४ मध्ये पाचव्या फेरीत घेतलं. तो लगेच आलाच नाही. दोन वर्षं अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास संघात खेळला. क्लबने हक्क सोडला नाही. २००६ मध्ये तो आला, ५८ सामन्यांत (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) १४५ गुण केले आणि २००७ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला.

दुसरं हत्यार अदलाबदलीचं. जानेवारीतली मुदत संपण्याआधी तळाच्या संघाने एकोणीस वर्षांचा तारा जेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाला देऊन त्याबदल्यात सतरा वर्षांचा एखादा मुलगा आणि पुढच्या ड्राफ्टमधले हक्क घ्यावेत. स्थानिक प्रेक्षक चिडतात, तिकिटं खपत नाहीत. तरीही वर्षभरात निघूनच जाणाऱ्या खेळाडूला कवटाळून बसण्यात काही हशील नाही. मात्र सगळेच मोठे खेळाडू विकून टाकले तर नवख्यांना ड्रेसिंग रूममध्ये शिकवणारं कुणी उरत नाही. गोलरक्षक आणि एखादा अनुभवी बचावपटू तरी राखावाच.

शेवटी मुलाला त्या गावात राहावंसं वाटलं पाहिजे. हे खेळाडू परगावी स्थानिक कुटुंबांकडे राहतात, शाळा सांभाळून खेळतात; त्यांच्या पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची हमीही क्लब देतात. अमेरिकन विद्यापीठांच्या हॉकीची दारं या मुलांना पूर्वी बंद होती. २०२५-२६ च्या हंगामापासून ती उघडली आहेत. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांचा चांगला खेळाडू आता विद्यापीठात जाऊ शकतो, आणि चार वर्षांचा जुना हिशेब प्रत्येक क्लबला नव्याने मांडावा लागणार आहे.