नव्या हंगामाची तयारी

मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळ्याला, जून ते सप्टेंबर खूप पाऊस पडतो. मैदानात चिखल होतो. पण महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचा पुढचा हंगाम याच दिवसांत घडतो.

असा संघ दरवर्षी बदलतो. शिक्षण संपले की अनुभवी खेळाडू निघून जातात आणि नवे येतात. मग यंदा संघ कसा खेळेल, हे कशावरून ओळखावे?

मैदानात एका संघाचे 7 खेळाडू उतरतात. चढाई एकटा खेळाडू करतो. त्याला 30 सेकंद मिळतात. पकड मात्र सर्वांनी मिळून करायची असते. एकाचा हात सुटला की साखळी तुटते आणि गडी निसटतो. म्हणून केवळ एका चपळ चढाईपटूवरून अंदाज बांधू नये. जुन्यांनी नव्यांना किती तयार केले, ते पाहावे. जोर-बैठका आणि साखळीचा सराव पावसात छपराखालीही करता येतो.

पुणेरी पलटण हा संघ 2022 मध्ये प्रो कबड्डीचा अंतिम सामना हरला होता. पुढच्याच हंगामात, 1 मार्च 2024 रोजी, असलम इनामदार यांच्या नेतृत्वाखाली त्याने ती स्पर्धा जिंकली.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या संघात यंदा कोण नवीन आले आहे? त्याचा हात आतापासूनच घट्ट धरा.