थोराड देहाचा मवाळ सोबती

समजा, एखाद्या रविवारी आपण सहकुटुंब प्राणिमित्र संस्थेच्या निवाऱ्यात गेला आहात. लहानमोठी गावठी कुत्री भुंकून स्वागत करीत आहेत. आणि पलीकडच्या कोपऱ्यात करड्या रंगाचा एक ग्रेट डेन मुकाट्याने उभा आहे. त्याची पाठ जेवणाच्या टेबलाइतकी उंच आहे, पण बरगड्या मोजता येतात. मुले दोन पावले मागे सरतात. तो मात्र संथपणे पुढे येतो आणि आपल्या मांडीवर अंगाचा सारा भार टेकून उभा राहतो. आपुलकी दाखविण्याची या जातीची ही रीतच आहे.

अशा प्राण्यास घरी आणावे काय? मन चटकन होकार देते. तथापि, तो येथवर कसा आला, याचा आधी विचार करावा.

नावात डेन्मार्क असला, तरी ही जात घडली जर्मनीत. रानडुकरांच्या शिकारीस नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज आज मात्र शांत व माणसाळू म्हणून ओळखला जातो. दोन महिन्यांचे पिल्लू कौतुकाने विकत आणले जाते, तेव्हा ते मांडीवर मावते. वर्षभरात तेच खांद्याशी ३० इंचांच्या आसपास उंच होते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर वजन ५० ते ७५ किलोपर्यंत जाते. मग खाण्याचा खर्च वाढतो, भिंतींवर लाळ उडते, शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी तिपाईवरचे कप खाली येतात. हौस ओसरते, आणि एके दिवशी कुत्रा रस्त्यावर येतो.

असे सोडून देणे हा केवळ निष्ठुरपणा नव्हे, तो गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे, भूक वा तहान यांमुळे यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय टाकून देता येत नाही. या प्रश्नासाठी राज्यसभेत झटलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल १९६२ साली स्थापन झालेल्या जीवजंतू कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पहिल्या अपराधास कायद्याने ठेवलेला दंड मात्र १० ते ५० रुपयांचा आहे. तेव्हा खरी राखण माणसाच्या विवेकानेच करावयाची आहे.

म्हणून निर्णय घरातील सर्वांनी मिळून घ्यावा. दररोजचे अन्न आणि पशुवैद्याचा खर्च यांचा हिशेब कागदावर मांडावा. वजनाच्या मानाने औषधाची मात्राही मोठी लागते. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवून कोण आणणार, तेही ठरवावे. उन्हाळ्यात हे फिरणे सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर व्हावे.

घरात फार बदल करावे लागत नाहीत. फरशीवर सतत बसून या जड कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात, कधी सूजही येते. यासाठी जाड गादी हवी. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून सतरंजी अंथरावी. अन्न एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि जेवणानंतर धावपळ करू देऊ नये. या जातीत जठर वायूने फुगून त्यास पीळ पडण्याचा धोका मोठा असतो. पोट ताणलेले दिसले, कुत्रा अस्वस्थ होऊन कोरडे उमाळे देऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. तत्काळ पशुवैद्य गाठावा. काही तासांचा विलंबही जिवावर बेततो. रेबीजची व इतर लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्यात.

पहिले काही दिवस तो भेदरलेला राहील, कदाचित जेवणारही नाही. त्याला एक शांत कोपरा द्यावा व आपणहून जवळ येऊ द्यावे. तो जेवताना वा झोपलेला असताना त्याला छेडू नये, गळ्यात हात टाकू नये, हे मुलांना शिकवावे. तो कितीही मवाळ असो, लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये. त्याचा सहज लागलेला धक्काही मुलाला पाडू शकतो.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. ग्रेट डेनचे आयुष्य साधारणतः सात ते दहा वर्षांचे असते. निवाऱ्यातून पाच वर्षांचा कुत्रा आणला, तर सहवास थोड्याच वर्षांचा, हे उघड आहे. त्याचे पाय थकलेले मुले पाहतील आणि एक दिवस रडतील. पण एकदा टाकला गेलेला जीव शेवटपर्यंत आपला म्हणून कसा सांभाळावा, हेही ती याच घरात पाहतील.

महाप्रस्थानाच्या वाटेवर मागे आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा आपण मुलांना सांगतोच. निवाऱ्यातील त्या मुक्या पाहुण्यास होकार देण्यापूर्वी तेवढाच निश्चय आपल्यापाशी आहे ना, हे पाहावे. असेल, तर दार अवश्य उघडावे.