दृश्यशोधक आणि कथनाचे स्थान

“वृद्धा घराच्या ओट्यापाशी उभी आहे, मागे मंदिराचे गोपुर दिसते.” पटकथेतील असे वाक्य वाचकाला पूर्ण वाटते. दिग्दर्शकाला मात्र त्यात एक प्रश्न अनुत्तरित राहिलेला दिसतो : हे कोठून पाहावयाचे? त्याचे उत्तर शोधण्याचे साधन म्हणजे दिग्दर्शकाचा व्ह्यूफाइंडर. मराठीत त्यास दृश्यशोधक म्हणता येईल.

गळ्यात अडकविता येण्याजोगी ही एक लहानशी नळी असते. तिच्यावरील कडी फिरवून निरनिराळ्या नाभीय अंतरांच्या भिंगांतून किती दिसेल, हे पाहता येते, चौकटीचे प्रमाणही (१.३३, १.८५ किंवा २.३९ : १) ठरविता येते. दुसऱ्या एका प्रकारात कॅमेऱ्याचे प्रत्यक्ष भिंगच बसवितात. आता हे काम मोबाइल फोनवरही होते. जड कॅमेरा आणि दिवे येण्यापूर्वीच जागा निश्चित व्हावी, हा यामागील हेतू होय.

कुंभकोणम् परिसरात आडुतुरैजवळ तिरुविडैमरुदूर हे मंदिराचे गाव आहे. १७९८ मध्ये पदच्युत झाल्यावर तंजावरचा राजा अमरसिंह येथेच राहावयास आला. अशा गावातील वरील दृश्य ३५ मि.मी. फिल्मवर घ्यावयाचे आहे असे समजू. तिची चौकट सुमारे २२ × १६ मि.मी. असते. गोपुर २० मीटर उंच असून वृद्धेच्या मागे २०० मीटरवर आहे, असे धरू. २५ मि.मी. भिंग घेऊन तिच्यापासून ४ मीटरवर उभे राहिल्यास ती पूर्ण दिसते. गोपुर मात्र चौकटीच्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. ७५ मि.मी. भिंग घेऊन १२ मीटरवर गेल्यास वृद्धा तेवढीच राहते, पण गोपुर जवळजवळ निम्मी चौकट व्यापते. हा फरक भिंगाने नव्हे, उभे राहण्याच्या जागेने पडतो; भिंग फक्त दृश्याची कड ठरविते. पहिल्या चौकटीत वृद्धा प्रमुख आहे, दुसऱ्या चौकटीत मंदिर तिच्यावर ओणवले आहे. वाक्य एकच, कथा दोन.

रंगभूमीवर हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. तंजावरच्या शहाजीराजाने (कारकीर्द १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके रचिली. प्रेक्षकाची बैठक ठरलेली असल्यामुळे अशा नाटकांत पात्राचा प्रवेश व रूप दरूमधून गाऊन सांगावे लागे. पाहण्याची दिशा शब्दच देत. चित्रपटात ते काम पुष्कळसे कॅमेऱ्याच्या जागेकडे जाते, आणि ती जागा पटकथेत बहुधा लिहिलेली नसते.

दृश्यशोधकाला मर्यादाही आहेत. प्रकाश फिल्मवर कसा उतरेल, हे तो सांगत नाही. शिवाय तो घाईने डोळ्याला लावल्यास चौकटीबाहेरचे गाव पाहावयाचेच राहून जाते. म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी पाहणे इष्ट.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. छापील पटकथा ही पूर्ण संहिता समजून तिच्यावरून निवेदकाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. चित्रपटातील निवेदक कोठे उभा आहे, हे पडद्यावरच वाचावे लागते.