अल्पशक्ती कार्यक्रमणीय तर्क मंडले

कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही ज्यांची अंतर्गत जोडणी वापरणाऱ्यास हवी तशी ठरविता येते आणि ज्यांना अत्यल्प विद्युत् शक्ती लागते, अशा संकलित मंडलांना म्हणजे चिपांना ही संज्ञा देतात.

रचना : अशा चिपमध्ये लहान तर्क घटकांचे जाळे असते. चार आदाने व एक प्रदान असलेल्या घटकात १६ बिटांचे कोष्टक साठविलेले असते; हे बिट बदलून त्याच घटकाकडून ६५,५३६ निरनिराळी तर्कफलने मिळविता येतात. मायक्रोप्रोसेसर आज्ञा क्रमाने पार पाडतो. येथे मात्र अनेक घटक एकाच वेळी कार्य करीत असल्याने विलंब अल्प व निश्चित असतो. या जातीची पहिली व्यापारी चिप अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये काढली. तीत ६४ तर्क गट होते.

शक्तिव्यय : स्थितीबदलामुळे होणारा व्यय विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असतो, म्हणून दाब निम्मा केल्यास तो एकचतुर्थांश होतो. मंडल निष्क्रिय असतानाही ट्रँझिस्टरांतून थोडा प्रवाह झिरपतो. हा प्रवाह कमी करून व निष्क्रिय भागाचे कालस्पंद थांबवून काही चिपांत विश्रामस्थितीतील व्यय १ मिलिवॉटहूनही कमी राखला जातो.

उपयोग : संदेशवहन उपकरणांत संकेतांचे रूपांतर आणि उद्योगांत मोटारींचे नियंत्रण व संवेदकांचे वाचन यांसाठी ही मंडले वापरतात. याच तत्त्वावरील, परंतु अधिक शक्ती घेणाऱ्या वेगवान चिपा नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांचे संकेत हाताळण्यासाठी वापरल्या आहेत.

अल्पशक्तीचे महत्त्व मराठवाड्यात सहज ध्यानात येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सु. १०,००० माणसे दगावली. भूकंपात वीजपुरवठा तुटण्याचा संभव असतो आणि नोंद तर त्याच क्षणी हवी असते. त्यामुळे दुर्गम स्थळी ठेवावयाचे नोंदणी उपकरण महिनोन्महिने विद्युत् घटमालेवर चालणे इष्ट असते. अशा उपकरणात सतत जागृत राहणारा भाग या चिपकडे सोपवून उर्वरित मंडल कंप जाणवताच चालू करता येते.

चिप घडविण्याचा कारखाना जवळ नसला, तरी तिचे तर्क मंडल संगणकावर आखून ते तीत भरता येते. त्यामुळे नांदेड येथील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारख्या (स्थापना १९८१) संस्थांतील विद्यार्थ्यांनाही असा अभिकल्प प्रत्यक्ष करून पाहणे शक्य होते.

मर्यादा : एकाच कार्यासाठी खास घडविलेल्या चिपच्या तुलनेने या मंडलांत अधिक शक्ती खर्च होते व मोठ्या संख्येने लागल्यास प्रत्येक नग महाग पडतो. म्हणून थोड्या संख्येने लागणाऱ्या अथवा पुढे सुधारणा संभवणाऱ्या उपकरणांत ती विशेष सोयीची ठरतात.