नाण्यावरचा दुसरा ठसा

जुन्या नाण्यावर टांकसाळीच्या मूळ छापाखेरीज जे ठसे आढळतात, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : नाणे पारखताना सराफांनी उमटवलेल्या खुणा हा एक, आणि सत्तापालटानंतर नव्या राजाने जुन्याच नाण्यावर मारलेली आपली मुद्रा हा दुसरा. संग्राहकांच्या बाजारात पहिला वर्ग बहुधा दोष समजला जातो, तर दुसऱ्याला मोल येते. वास्तविक टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर नाण्याचे काय झाले, याची साक्ष हे दोन्ही ठसे देतात.

मोगल व मराठा काळातील रुपया म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम वजनाचे चांदीचे नाणे, आणि त्याची किंमत त्यातील चांदीवर ठरत असल्यामुळे ती चांदी खरी आहे की नाही हे पाहणे सराफाला भाग असे. तो नाण्याचा नाद ऐके, वजन करी आणि चांदीच्या पातळ थराखाली तांबे दडवलेले नाही याची खात्री करण्यासाठी पृष्ठभागावर लहानसा ठसा ठोकी. चंद्रकोर, तारा, फूल किंवा नुसता ठिपका अशा त्या खुणा आजही अनेक रुपयांवर दिसतात. झिजलेल्या किंवा हिणकस नाण्याच्या किमतीतून जी रक्कम कापली जाई तिला ‘बट्टा’ म्हणत, आणि नावाला बट्टा लागतो असे म्हणताना मराठी माणूस आजही हाच शब्द वापरतो.

सराफी खुणांचे अभ्यासमूल्य गोव्यात जन्मलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ठळकपणे दाखवून दिले. आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळे ठसे ठोकून बनवलेली भारतातील सर्वांत जुनी नाणी, यांच्या एका बाजूस बहुधा पाच ठसे असतात, तर मागच्या बाजूस कमीअधिक संख्येने बारीक खुणा आढळतात. तक्षशिला येथील साठ्यांतील नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास करून, मागच्या खुणा जितक्या अधिक तितके सरासरी वजन कमी, असा संबंध त्यांनी १९४०च्या दशकात मांडला. नाणे जितका काळ हातोहाती फिरले, तितके ते झिजले आणि तितक्या वेळा पारखले गेले. त्यामुळे खुणांची संख्या हेच काळाचे एक माप ठरले.

दुसऱ्या वर्गाचे सर्वांत बोलके उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडले. तेथील साठ्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची सुमारे १३,२५० चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपली चिन्हे उमटवलेली होती. अशा नाण्याच्या एका बाजूवर तीन कमानींचा चैत्य व दुसरीवर अधिकचिन्हाच्या टोकांना चार वर्तुळे जोडलेले उज्जयिनी चिन्ह दिसते, आणि त्या ठशाच्या कडेने नहपानाचे नाक, डोळा किंवा ग्रीक अक्षरांचा एखादा अवशेष डोकावतो. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे नाशिकच्या लेण्यांतील त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख सांगतो. जिंकलेल्याची चांदी न वितळवता तिच्यावरच विजेत्याची मुद्रा बसवलेली ही नाणी त्या विधानाला भक्कम आधार देतात.

ठसा नसलेल्या, स्वच्छ नाण्याची ओढ संग्राहकाला असणे स्वाभाविक आहे, कारण मूळ छाप त्यावर पूर्ण वाचता येतो. परंतु अधिक किमतीच्या लोभाने सराफी खूण भरून काढणे किंवा घासून टाकणे, अथवा साध्या नाण्यावर बनावट मुद्रा ठोकणे, यात पुरावाच नष्ट होतो वा खोटा ठरतो. म्हणून संग्राहकाने नाण्याच्या नोंदीत राजा, टांकसाळ व वर्ष यांच्यासोबत वजन आणि प्रत्येक नंतरच्या ठशाचा आकार व जागाही लिहून ठेवावी. ज्या सराफांची नावे कोणत्याही वहीत उरली नाहीत, त्यांची पारख तरी त्यामुळे जपली जाईल.